बधिर, भूल आणि लाकूड

'पोरगं फाइव्ह स्टारला लागलंय' असं हुपरी, पट्टणकोडोली किंवा कसबा सांगावात कुणी म्हणालं, तर ते हॉटेलबद्दल बोलत नसतं. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत हे पाटीवरचं नाव झालं, तोंडातलं नाव 'फाइव्ह स्टार'. फाउंड्री, इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग, सूत आणि कापड असे इथले कारखाने. शिफ्टभर पायात पोलादी टोपीचे सेफ्टी शूज असतात. शिफ्ट सुटली की अनेकांचे तेच पाय वैरणीला, नाहीतर उसाला पाणी पाजायला जातात. म्हणजे दिवसभर घामानं आणि संध्याकाळी चिखलानं भिजणारे हे पाय. त्यांची दुखणी पुष्कळ, आणि त्या दुखण्यांना मराठीनं दिलेली नावं त्याहून पुष्कळ.

सगळ्यांत ओळखीचं नाव 'कुरूप'. तळव्याला किंवा करंगळीच्या बाजूला बूट दाबून दाबून कातडी टणक होते, मधोमध तिचा सुळका आत शिरतो आणि पाऊल टाकलं की टोचतो. या कुरूपाचा कु-रूपाशी, म्हणजे वाईट दिसण्याशी संबंध असावा असं सहज वाटतं, पण मला ते पटत नाही. तळव्याखालचं कुरूप दिसतच नाही, ते फक्त खुपतं. कागलपासून निपाणी हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या कन्नडात गळवाला, फोडाला 'कुरु' म्हणतात. तेलुगूत तर 'कुरुपु' असाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ गळू, व्रण. माझ्या मते पायाचं कुरूप या दक्षिणेकडच्या घराण्यातलं आहे. संस्कृत 'कुरूप' शेजारीच उभा असल्यामुळे कुणीतरी त्याचा 'रू' दीर्घ केला आणि मग तो आपल्याच घरातला वाटू लागला. सीमाभागातल्या शब्दांचं असं पुष्कळदा होतं.

याच दुखण्याला कुठे 'भोवरी' म्हणतात. कातडीची वलयं भोवऱ्यासारखी गोल फिरलेली दिसतात म्हणून. मेडिकलच्या दुकानात मात्र आता 'कॉर्न कॅप' मागतात. हा कॉर्न मक्याचा नव्हे. लॅटिनमध्ये शिंगाला 'कोर्नू' म्हणतात, त्यातून तो आला. टणक कातडी ही शिंगाच्याच द्रव्याची बनलेली असते, त्यामुळे नाव अगदी चपखल आहे. डॉक्टरी लॅटिनमध्ये कुरूपाचं नाव 'क्लेव्हस', म्हणजे खिळा. आणि सुश्रुतानं क्षुद्ररोगांच्या अध्यायात ज्याला 'कदर' म्हटलं, त्याचं वर्णनही तेच आहे: खड्यांनी किंवा काट्यांनी दुखावलेल्या पायात होणारी, खिळ्यासारखी कठीण, बोराएवढी गाठ. रोम आणि काशी यांच्यात पत्रव्यवहार झाला असेल असं नाही; पाऊल टाकणाऱ्या दोघांनाही खालून खिळाच टोचला होता. मराठीनं हा खिळा कुरूपाला न देता शेजारच्या दुखण्याला दिला. संस्कृत 'चर्मकील', त्याची झाली 'चामखीळ'.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते, खाजते, आग होते. त्या 'चिखल्या'. नावातच कारण आहे. सुश्रुत त्याला 'अलस' म्हणतो आणि कारण सांगतो ते घाणेरड्या चिखलाचा स्पर्श. आज बुटातल्या घामानंही चिखल्या होतात, फाउंड्रीत भर उन्हाळ्यातही होतात, पण नाव चिखलाचंच राहिलं. टाचेच्या 'भेगा', त्यांची आग होऊ लागली की 'जळवात', नखाच्या कडेला पिकलेलं 'नखुर्डं', टोपीच्या दाबानं मांसात घुसलेलं 'रुतलेलं नख'. आणि नुसती कातडी जाड झाली, टोचत मात्र नाही, तो 'घट्टा'. घट्ट्याला औषध लागत नाही, कुरूपाला लागतं. हा भेद कामगाराला डॉक्टरआधी कळलेला असतो, कारण भाषेनं तो आधीच करून ठेवला आहे.

कागल तालुक्यातच सेनापती कापशी हे गाव आहे. कापशी चपलेचं नाव त्यावरून आलं. नवी कोरी कापशी आठवडाभर 'लागते', तिनं पायाला फोड येतो, मग ती पायाचं वळण घेते. सेफ्टी शूज तसं वळण घेत नाहीत. पोलादाची टोपी पायाला वळवते. कुरूप वाढलं त्याचं एक कारण हे.

आता उपचार. घरगुती उपाय दोन, आणि दोन्ही वाईट: दाढीच्या ब्लेडनं कुरूप कापून काढणं आणि बिब्ब्याचं तेल लावून ते जाळणं. बिब्बा निरोगी कातडीलाही पोळतो, फोड आणतो. चांगल्या कामात खोडा घालण्याला 'बिब्बा घालणं' म्हणतात ते उगीच नाही. दवाखान्यात टणक थर तासून काढतात. तो थर मेलेला असल्यामुळे बहुतेक वेळा सुईची गरजही पडत नाही. पण तळव्यावरची चामखीळ खरवडायची किंवा विजेनं जाळायची असेल, रुतलेल्या नखाची कड मुळापासून काढायची असेल, तर जिवंत मांसाला हात लागतो. मग डॉक्टर म्हणतात, 'लोकल भूल देऊन करू.' माझ्या मते अडचण इथे सुरू होते, आणि ती औषधाची नाही, त्या दोन शब्दांची आहे.

'लोकल' म्हणजे लॅटिन 'लोकस', जागा. जागेपुरतं, एवढंच त्याला म्हणायचं आहे. पण बाजारात 'लोकल माल' म्हणजे कंपनीचा नसलेला, कमअस्सल माल. बेअरिंगपासून बॅटरीपर्यंत रोज हाच अर्थ ऐकणाऱ्या माणसाला 'लोकल' भूल ऐकून विश्वास कसा वाटावा? आणि 'भूल' तर त्याहून अवघड. हिंदीत भूलना म्हणजे विसरणं. मराठीत भुलणं म्हणजे मोहात पडणं, फसणं, वाट हरवणं. रानभूल, भुरळ, भूलथापा ही सगळी एका कुळातली मंडळी. विदर्भ-खानदेशात भुलाबाईचा सण आहे आणि तिच्यामागे भुललेला भोळा शंकर, भुलोबा आहे. दुकानाच्या बिलाखाली 'चू. भू. दे. घे.' असतं, तिथे भूल म्हणजे चूक. म्हणजे भूल या शब्दाच्या पोटात माणूस स्वतःवरचा ताबा हरवून बसतो. क्लोरोफॉर्म हुंगवून माणसाला निजवत, त्या औषधाला हा शब्द बरोबर बसला. तिथे माणसाची 'शुद्ध' खरोखरच जाते. पण अंगठ्याच्या बुडाशी दोन सुया टोचल्यावर रोग्याची शुद्ध कुठेही जात नाही. तो बोलतो, घड्याळ बघतो, घरी फोन करून सांगतो की झालंच आता.

'भूल देणार काय वो?' हा प्रश्न कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये काय किंवा वसाहतीजवळच्या छोट्या दवाखान्यात काय, घाबरूनच विचारला जातो. त्यामागे हिशेब असतो. भूल म्हणजे उपाशी पोटी यायचं, कुणालातरी बरोबर आणायचं, दिवसाचा खाडा, गाडी चालवायची नाही, आणि 'पुन्हा जाग आली नाही तर?' हे मनातलं. यातलं बहुतेक सगळं पूर्ण भुलीला लागू आहे, जागेपुरत्या सुईला नाही. तरी त्या शब्दापायी माणूस 'नगं, मलम द्या' म्हणतो आणि घरी जाऊन ब्लेड हातात घेतो. म्हणून माझं म्हणणं असं की जागेपुरत्या इंजेक्शनला भूल म्हणू नये. त्यासाठी मराठीत दुसरा, पुरता मुरलेला शब्द आहे: बधिर.

बधिर संस्कृतातून आला तेव्हा त्याचा अर्थ कानाचा होता, ऐकू न येणारा. प्राकृतात त्याचा झाला 'बहिर', मराठीत 'बहिरा'. म्हणजे बहिरा आणि बधिर ही एकाच आईची लेकरं. एक लोकांच्या तोंडी झिजत घरात आलं, दुसरं पोथीतून जसंच्या तसं उचललं. दोघं घरात आल्यावर मराठीनं कामं वाटून दिली. कान बहिऱ्याकडे राहिले आणि कातडी बधिराकडे गेली. ही वाटणी इतकी पक्की झाली की कानाबद्दल बोलताना आता 'कर्णबधिर' म्हणावं लागतं, नुसतं बधिर पुरत नाही. एका इंद्रियाचा शब्द दुसऱ्या इंद्रियाकडे जाणं ही किती बारीक समज आहे! हाक मारली तरी कान ओ देत नाही, चिमटा काढला तरी कातडी ओ देत नाही.

व्याकरणकारांची व्युत्पत्ती तर याहून सुरेख आहे. उणादिसूत्रांत एक 'किरच्' नावाचा प्रत्यय आहे. तो धातूंना लागून तिमिर, रुचिर, मंदिर, मदिरा, रुधिर असे शब्द होतात, आणि त्याच ओळीत 'बन्ध्' धातूपासून बधिर. बधिर म्हणजे बांधलेला, अडवलेला. जुन्या वैयाकरणांना मज्जातंतूत काय चालतं ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण औषध नेमकं तेच करतं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमला आत येण्याची सूक्ष्म दारं असतात. वेदनेचा निरोप त्या दारांच्या उघडझापीनं पुढे सरकतो. औषध आतल्या बाजूनं ती दारं अडवतं. जखम तिथेच असते, सुरीही तिथेच असते, निरोप तेवढा मेंदूकडे जात नाही. औषध ओसरलं की दारं पुन्हा उघडतात.

यातही सगळे निरोप एकदम थांबत नाहीत. आधी वेदना जाते, मग गार-गरम, मग स्पर्श, आणि दाब सगळ्यांत शेवटी, कधीकधी जातही नाही. रुतलेलं नख काढताना हे जवळून दिसतं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी औषध सोडलं, पाच-दहा मिनिटं थांबले, मग डॉक्टर चिमट्यानं नखाजवळची कातडी दाबतात आणि विचारतात, 'दुखतंय का?' रोगी म्हणतो, 'दुखत न्हाई, पर वढल्यागत वाटतंय.' हे 'वढल्यागत' म्हणजे राहिलेला दाब. ते आधीच सांगून ठेवलं नाही तर रोग्याला वाटतं औषध लागलंच नाही, आणि तो पाय मागे घेतो. 'भूल' ऐकून आलेल्या माणसाची तर अपेक्षाच असते की काहीही कळू नये.

खुद्द सुई मात्र दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. तळव्याची कातडी जाड, तिच्याखाली चरबीचे घट्ट कप्पे, त्यांत औषध शिरायला जागा कमी आणि मज्जातंतूंची टोकं दाट. म्हणून अनुभवी डॉक्टर तळव्यात थेट टोचण्याऐवजी आतल्या घोट्यामागून जाणाऱ्या मज्जातंतूजवळ औषध सोडतात, तेवढ्यानं तळव्याचा बराचसा भाग बधिर होतो. वरून लावायचं बधिर करणारं मलमही असतं, पण ते झाकून तासभर ठेवावं लागतं आणि तळव्याच्या जाड कातडीतून फारसं आत जात नाही. औषध आंबटसर असतं, म्हणून आत जाताना आग होते. त्यात थोडा सोडा-बायकार्ब मिसळला किंवा ते कोमट करून हळू सोडलं तर ती कमी होते. त्या आगीला कोल्हापूरकडचा एकच शब्द आहे: झोंबणं. मिरची झोंबते, जखमेवर स्पिरिट झोंबतं, आखाड्यात पैलवान झोंबतो. कागलच्या आनंद यादवांनी आपल्या आत्मकथनात्मक कादंबरीला 'झोंबी' हे नाव दिलं आणि तिला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'थोडं झोंबंल, मग काय कळणार न्हाई' असं सांगितलं की इथला माणूस दात आवळून बसतो. 'अजिबात दुखणार नाही' म्हटलं की त्याचा विश्वास उडतो, आणि योग्यच आहे ते.

आता बाटलीवरच्या नावाकडे येतो. जागा बधिर करण्याची विद्या कोकेनपासून सुरू झाली. कोका हे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं झाड, नावही तिथल्याच भाषेतलं. सप्टेंबर १८८४मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचे कोकेननं डोळा बधिर करण्याचे प्रयोग जगासमोर आले. कोकेनचं व्यसन लागतं हे कळल्यावर पर्याय शोधले गेले. आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं नोव्होकेन आलं, म्हणजे 'नवं केन'. कोकेनच्या नावाचं शेपूट तोडून त्याचा प्रत्यय झाला आणि पुढच्या बहुतेक औषधांना तो लागत गेला. १९४३मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी जे औषध बनवलं ते १९४८पासून 'झायलोकेन' नावानं विकलं जाऊ लागलं. ते 'झायलिडिन' या रसायनापासून झालेलं. झायलिडिनच्या कुळातलं मूळ द्रव्य पहिल्यांदा लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून हाती लागलं होतं, आणि ग्रीकमध्ये लाकूड म्हणजे 'झायलॉन'. ब्रिटिशांनी त्याच औषधाला अधिकृत नाव देताना ग्रीक लाकडाऐवजी लॅटिन लाकूड घेतलं: 'लिग्नम', म्हणून 'लिग्नोकेन'. भारतात आजही बाटल्यांवर हेच नाव असतं. कागलच्या दवाखान्यातल्या दोन टक्क्यांच्या बाटलीत, नावापुरतं का होईना, लाकूडच आहे.

आणि सुई लागल्यावर दहा मिनिटांनी रोगी काय म्हणतो? 'पाय लाकूड झालाय.' त्याला लॅटिन येत नाही. निपाणीकडून येणारा कामगार कन्नडात 'मरगट्टिदे' म्हणतो. 'मर' म्हणजे झाड, लाकूड; मरगट्टणं म्हणजे लाकडासारखं घट्ट होणं, बधिर होणं. उत्तरेकडून आलेला 'सुन्न हो गया' म्हणतो. ते सुन्न म्हणजे 'शून्य', आणि तेही आपल्याकडे आहे, पण मराठीत डोकं सुन्न होतं, पाय सहसा होत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी लाकूड आणलं ते झायलिडिनच्या वंशावळीमुळे, मराठी-कन्नड माणसानं आणलं पायाच्या अनुभवामुळे. हा योगायोग आहे हे मला ठाऊक आहे, तरी व्युत्पत्तीच्या नादात इतका आनंद मला क्वचित मिळाला आहे.

पारिभाषिक कोशांनी 'संवेदनाहरण', 'शुद्धिहरण' असे शब्द घडवले, वैद्यकीय महाविद्यालयांच्या दारावर 'बधिरीकरणशास्त्र विभाग' असं लिहिलेलं असतं. यात संवेदनाहरण अचूक आहे, पण ते जिभेवर बसत नाही. 'एवढी जागा बधिर करतो, तुम्ही जागेच असाल' हे वाक्य मात्र फाउंड्रीतल्या कुणालाही एका दमात कळतं. संमतिपत्रात 'स्थानिक भूल' छापलेलं असतं त्या जागी हेच वाक्य छापावं असं मला मनापासून वाटतं. ज्या कागदावर माणूस अंगठा देतो त्या कागदातले शब्द त्याचे असले पाहिजेत.

या शब्दाची एक बाजू मात्र जपून वापरावी लागते. बधिर हा उपचार आहे तसा रोगही आहे. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, तो खाजत नाही, दुखत नाही, तिथे स्पर्श कळत नाही, तर तो 'बधिर चट्टा' कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि हा शब्द आरोग्यसेविकांनी गावोगाव पोचवला आहे. दुसरी बधिरता मधुमेहाची. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाचे मज्जातंतू झिजतात. पाय आधी मुंग्या येतात म्हणून सांगतो, मग भगभगतो, मग काहीच सांगत नाही. बुटात खडा गेला तरी शिफ्टभर कळत नाही, कुरूपाखाली जखम होते तरी कळत नाही. हा माणूस दवाखान्यात आला तर तोही 'पाय लाकूड झालाय' असंच म्हणतो. वाक्य तेच, पण सुई अजून टोचलेलीच नाही.

म्हणून कुरूप किंवा नख घेऊन आलेल्या माणसाला सुईआधी विचारायचा प्रश्न हा: 'चालताना जमीन कळते का? चप्पल पायातून निसटली तर समजतं का?' उत्तर 'कळंना' असं आलं, तर नायलॉनच्या ज्या धाग्याला वाकायला १० ग्रॅमचा दाब लागतो तो तळव्याच्या ठरलेल्या जागांना टेकवून पाहतात. तोही जाणवला नाही तर उपचाराची वाटच बदलते. अशा पायाला कॉर्न कॅप लावायची नाही, कारण तिच्यातलं सॅलिसिलिक ॲसिड टणक कातडीबरोबर चांगली कातडीही खातं आणि ते खात असल्याचं त्या पायाला कळत नाही. बिब्बा आणि ब्लेड तर नाहीच. आधी रक्तातली साखर तपासायची, टोपीत बोटं मोकळी राहतील असा एक माप मोठा बूट मागून घ्यायचा, आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाकडून बघून घ्यायचे.